मुंबईतल्या बागा बघायला गावाहून निघताय? आधी वार बघा

दरवर्षी मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत कुडाळ, कणकवली, रत्नागिरी, चिपळूणकडची माणसं पोराबाळांना घेऊन मुंबईला जातात. "राणीची बाग दाखवतो" असं पोरांना कबूल केलेलं असतं. परत आल्यावर मात्र ऐकायला मिळतं ते असं: बाग बंद होती, सगळा वेळ रांगेत गेला, लोकलमधून उतरताच आलं नाही, आईचे पाय सुजले. बागांचा यात काही दोष नसतो. वार चुकतो, नाहीतर वेळ चुकते, नाहीतर एका दिवसात चार बागा कोंबलेल्या असतात.

मी स्वतः एकदा सात माणसं घेऊन भायखळ्याला उतरलो होतो. आई, दोन भाचे, काकी, सगळा लवाजमा. राणीच्या बागेचं फाटक बंद. आतेभावाला फोन लावला तर तो पलीकडून हसत सुटला, "मेल्या, आज बुधवार ना!" त्या दिवशी भाच्यांनी वाघाऐवजी रस्त्यावरच्या टॅक्स्या मोजल्या. तेव्हापासून जाणाऱ्या प्रत्येकाला जे तोंडी सांगतो, ते इथे क्रमाने लिहितोय.

टप्पा १: आधी वार ठरवा, मग तिकिटं काढा

कोकण रेल्वेचं आरक्षण मिळेल त्या दिवशी जायचं आणि मग बागा बसवायच्या, ही पहिली चूक. उलटं करा.

राणीची बाग, म्हणजे भायखळ्याचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आणि प्राणीसंग्रहालय, बुधवारी बंद असते. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर त्या दिवशी बाग उघडी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी बंद. या एका नियमाने भलेभले मुंबईकरही फसतात.

बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद. आतली कान्हेरी लेणीही त्या दिवशी बघता येत नाहीत.

मलबार हिलचं हँगिंग गार्डन आणि कमला नेहरू पार्क ही महापालिकेची उद्यानं. त्यांना असा साप्ताहिक सुट्टीचा वार नाही. म्हणून मुक्कामात सोमवार येत असेल तर तो मलबार हिलला द्यावा.

राणीच्या बागेला शनिवार-रविवार जाऊ नका. रविवारी तिथे माणसं जास्त आणि प्राणी कमी दिसतात. मंगळवार, गुरुवार, शुक्रवार उत्तम. नॅशनल पार्कला रविवार चालतो, पण सकाळी लवकर. जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत राणीच्या बागेत पालिकेचं फुलांचं प्रदर्शन भरतं. ते बघायचं असेल तर खास त्यासाठी जा, प्राण्यांसाठी दुसरा दिवस ठेवा.

*तपासा:* कागदावर मुक्कामाचे वार लिहा. बुधवारपुढे राणीची बाग किंवा सोमवारपुढे नॅशनल पार्क आलं असेल, तर आरक्षण करण्याआधीच बदला.

टप्पा २: एका दिवसाला एक मोठी बाग

नकाशात भायखळा आणि मलबार हिल जवळ दिसतात. अंतर फार नाहीच. दिवस खातात ते जिने, पूल, रांगा आणि "जरा थांबा, बाबांना चहा हवाय". आमच्या सात जणांच्या घोळक्याला एका स्टेशनाबाहेर पडायला वीस मिनिटं लागली होती.

म्हणून एका दिवसाला एक मोठी बाग, आणि अंगात दम उरला तर वाटेवरची एखादी छोटी. राष्ट्रीय उद्यान आणि राणीची बाग एका दिवशी करायचा विचारही नको. एक शहराच्या उत्तर टोकाला, दुसरी पार दक्षिणेला.

गाडीतून उतरून थेट बागेत जायचं हाही मोह टाळा. कोकणकन्या आणि तुतारी या रात्रीच्या गाड्या तुम्हाला सकाळी सहाच्या आसपास मुंबईत आणून सोडतात, राणीची बाग उघडते साडेनऊला. हातात फणस, आंब्याच्या पेट्या, तांदळाची पिशवी आणि रात्रभराची झोपमोड. सामान नातेवाइकांकडे टाका, आंघोळ करा, बाग दुसऱ्या दिवशी.

टप्पा ३: लोकलची दिशा समजून घ्या

बागेपेक्षा जास्त माणसं इथे हरतात. सकाळी आठ ते अकरा गर्दी चर्चगेट आणि सीएसएमटी (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) या दक्षिण टोकाच्या स्टेशनांकडे धावते, संध्याकाळी साडेपाच ते नऊ तिकडून घराकडे. तुम्ही याच्या उलट दिशेने जायचं.

दादर, परळ, लालबागला उतरला असाल तर राष्ट्रीय उद्यान तुमच्यासाठी सगळ्यात सोपं. सकाळी दादरहून बोरिवलीकडे जाणारी गाडी उलट दिशेची, दुपारनंतर परत येणारीही उलट दिशेची. बसायला जागा मिळते. भायखळा तर स्लो गाडीने काही मिनिटांवर.

डोंबिवली, कल्याण, दिव्याला राहणाऱ्यांना मात्र राणीची बाग सकाळच्या गर्दीच्या दिशेत येते. म्हातारी माणसं आणि लहान मुलं घेऊन आठची लोकल पकडू नका, साडेदहानंतर निघा. संध्याकाळी भायखळ्याला भरून आलेल्या गाडीत चढायचा प्रयत्न करू नका. उलट सीएसएमटीला जा आणि तिथून सुटणाऱ्या स्लो लोकलमध्ये आरामात बसा. त्यासाठी तिकीट मात्र तसं हवं. एक, तीन किंवा पाच दिवसांचं पर्यटक तिकीट मिळतं, ते पश्चिम, मध्य आणि हार्बर या तिन्ही मार्गांवर चालतं आणि या उलटसुलट फिरण्याला अगदी योग्य. तिकीट खिडकीवर नाव घेऊन मागा, आपणहून कोणी सुचवत नाही.

विरार-नालासोपाऱ्याला मुक्काम असेल तर बोरिवलीला रविवारी सकाळी सातच्या आत निघा. इतर दिवशी विरारच्या फास्ट गाडीतून बोरिवलीला उतरणं हे नवख्या माणसाचं काम नाही.

रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी काही मार्ग बंद ठेवतात. साधारण साडेदहा-अकरा ते दुपारी चारच्या दरम्यान काही गाड्या रद्द, काही दुसऱ्या मार्गाने. वेळा आधी जाहीर होतात, शनिवारी संध्याकाळी बघून ठेवा.

*खबरदारी:* गाडीत चढण्याआधी सगळ्यांना एकच नियम पाठ करून घ्या. जो राहिला त्याने आहे त्याच फलाटावर थांबायचं. जो पुढे गेला त्याने पुढच्या स्टेशनला उतरून तिथेच थांबायचं, शोधायला मागे फिरायचं नाही. मुलांच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी घाला. मोबाइल लोकलच्या गर्दीत कधी बंद पडेल सांगता येत नाही.

आणि रिक्षा. गावाकडचा माणूस स्टेशनबाहेर पडला की आधी रिक्षा शोधतो. माहीम आणि सायनच्या दक्षिणेला मुंबईत रिक्षा नाहीतच. भायखळा, ग्रँट रोड, चर्चगेटला काळीपिवळी टॅक्सी, बेस्टची बस किंवा आपले पाय. टॅक्सीत चारच माणसं बसतात, म्हणजे सात जणांना दोन टॅक्स्या. खर्चाचा हिशेब तसा धरा.

टप्पा ४: पिशवीत काय

थोडक्यात सांगतो. स्टीलच्या बाटल्या, कापडी पिशवी, टोप्या, एक जुनी चादर, ओला रुमाल. प्लास्टिकच्या पिशव्या घरीच ठेवा. फाटकावर पिशव्या तपासतात आणि तिथे पाच डबे एका पिशवीतून दुसरीत भरत बसायची पाळी येते. खाणं कोरडं घ्या: चपाती-चटणी, शेंगदाण्याचा लाडू. घावणे-उसळ नेऊ नका, मी नेली होती, लोकलमध्ये उसळीचा रस्सा माझ्या आणि शेजारच्याच्या पँटवर.

राष्ट्रीय उद्यानात खाण्याची पिशवी हातात धरून चालायचं नाही. माकडं पिशवी ओळखतात, हिसकावतात. डबा पाठीवरच्या बंद सॅकमध्ये, आणि ती मोठ्या माणसाच्या पाठीवर.

टप्पा ५: राणीची बाग, क्रमाने

भायखळा स्टेशनच्या पूर्वेला उतरा. पश्चिमेला उतरलात तर पुन्हा पूल चढावा लागतो. बाग डॉ. बाबासाहेब आंबेडकर रस्त्यावर आहे, चालत दहा-पंधरा मिनिटं.

*पहिलं काम तिकिटाचं.* मोठ्यांना ५० रुपये, ३ ते १२ वर्षांच्या मुलांना २५ रुपये. पण आई-वडील आणि १५ वर्षांपर्यंतची दोन मुलं मिळून कुटुंबाचं तिकीट १०० रुपये. इथे बहुतेकांचं नुकसान होतं, कारण घोळक्यातला एक जण खिडकीशी जाऊन "चार मोठे, चार लहान" म्हणतो आणि ३०० रुपये देऊन येतो. तुम्ही दोघं आणि तुमची दोन, भाऊ-वहिनी आणि त्यांची दोन, अशी दोन कुटुंबं सांगितली असती तर २०० रुपयांत झालं असतं. रांगेत उभं राहण्याआधीच जोड्या लावून घ्या. तिकीट ऑनलाइनही काढता येतं, गर्दीच्या दिवशी तेच करा.

*दुसरं, पेंग्विन.* साडेनऊला फाटक उघडतं तेव्हाच पोचला असाल तर सरळ पेंग्विनकडे चालू लागा. वाटेत हरणं दिसतील, पोरं हात ओढतील, थांबू नका. हम्बोल्ट जातीचे हे पेंग्विन २०१७ पासून लोकांना बघायला मिळतात आणि अकरा वाजल्यानंतर बागेतली सगळ्यात लांब रांग इथेच लागते. फ्लॅश बंद करा. काचेवर टकटक नको.

*तिसरं, वाघ-बिबट्या-अस्वल.* ऊन चढायच्या आत. बारानंतर ही जनावरं सावलीला जाऊन पडतात, मग काचेपलीकडे नुसता दगड दिसतो आणि पोरं विचारतात, "बाबा, वाघ कुठाय?" उशिरा पोचलात तर हा क्रम फिरवा: दुपार झाडांखाली काढा आणि जनावरं साडेतीननंतर बघा. पाणघोडा मात्र कधीही चालतो, तो पाण्यातच असतो.

*चौथं, झाडं.* कोकणातला माणूस इथे हसतो, आमच्या परसात काय कमी झाडं आहेत म्हणून. पण ही बाग १८६२ पासूनची आहे आणि तिच्यात आपल्याकडे सहसा न दिसणारी झाडं आहेत. गोरखचिंचेचा पिंपासारखा बुंधा पोरांना कवेत घ्यायला सांगा, चार पोरं लागतात. कैलासपती शोधा. त्याची फुलं फांदीच्या टोकाला येत नाहीत, थेट खोडातून लोंबणाऱ्या काठ्यांना लागतात. जमिनीवर पडलेलं एखादं उचलून बघा: जाड, मांसल पाकळ्या, आणि मधोमध पुंकेसरांचा पांढरट-गुलाबी पदर वळून पुढे झुकलेला, हुबेहूब पिंडीवर नागाने फणा धरल्यासारखा. वास गोड आणि भारी, हाताला बराच वेळ राहतो. माझ्या आईने ते फूल रुमालात गुंडाळून गावापर्यंत आणलं. तिला पेंग्विन आठवत नाहीत, फूल आठवतं. या झाडाची फळं नारळाएवढी आणि जड असतात, म्हणून फळं लागलेल्या झाडाखाली चादर पसरू नका.

*तपासा:* बाग संध्याकाळी सहाला बंद होते आणि तिकीट खिडकी त्याआधीच. पाचच्या सुमाराला आत शिरण्यात अर्थ नाही. एवढी बाग बघायला चार तास धरा, म्हातारं माणूस बरोबर असेल तर पाच.

टप्पा ६: मलबार हिल, दुपारी चारनंतरच

ग्रँट रोड किंवा चर्नी रोडहून टॅक्सी करा. चढ आहे, म्हाताऱ्यांना चालवत नेऊ नका.

हँगिंग गार्डन दुपारी बारा वाजता बघायला जाणारे मला दरवर्षी भेटतात. ही बाग पाण्याच्या जलाशयाच्या छतावर केलेली आहे. खाली दक्षिण मुंबईचं पाणी साठवतात, वर मातीचा थर बेताचा. त्यामुळे हिरवळ, फुलझाडं, जनावरांच्या आकारात कापलेली झुडपं भरपूर, पण डेरेदार सावली नाही. भरदुपारी लाद्या तापतात आणि सगळे बाकांसाठी भांडतात.

आता क्रम. लोक आधी समोरच्या कमला नेहरू पार्कात जातात, कारण पोरांना म्हातारीचा बूट, म्हणजे बुटाच्या आकाराचं खेळघर, हवा असतो, आणि मग तिथेच सूर्यास्ताची वाट बघत बसतात. सूर्य त्यांच्या पाठीमागे मावळतो! त्या पार्कातून दिसतात ती गिरगाव चौपाटी आणि मरीन ड्राइव्ह, म्हणजे पूर्वेची बाजू. तेव्हा असं करा: चारला बूट, पोरांची हौस फिटेपर्यंत. मग रस्ता ओलांडून हँगिंग गार्डन, सूर्य खाली जाईपर्यंत. अंधार पडू लागला की परत कमला नेहरू पार्कात या आणि मरीन ड्राइव्हचे दिवे लागताना बघा. सूर्यास्ताचं एवढं कौतुक आपल्याला नाही, आपल्याकडे तो रोज समुद्रातच बुडतो. पण त्या दिव्यांची कमान गावाला दिसत नाही.

बूट लहान मुलांसाठी आहे. आतला जिना अरुंद, मोठ्यांनी फोटो बाहेरूनच काढावेत.

शेजारीच सिरी रोडला २०२५ मध्ये झाडांच्या उंचीवरून चालत जाणारी लाकडी वाट सुरू झाली, ४८५ मीटर लांबीची. भारतीयांना २५ रुपये, पण आधी ऑनलाइन नोंदणी करून तासाची वेळ घ्यावी लागते. तिथे जाऊन "तिकीट द्या" म्हणणारे परत फिरतात. शनिवार-रविवारच्या वेळा लवकर भरतात, गावाहून निघतानाच काढून ठेवा.

*खबरदारी:* इथून साडेसात-आठला निघून डोंबिवली-विरारची गाडी पकडायची नाही. चौपाटीवर पोरांना भेळ खाऊ घाला, नऊ वाजू द्या, मग निघा.

टप्पा ७: राष्ट्रीय उद्यान म्हणजे बाग नव्हे

हे शंभर चौरस किलोमीटरहून मोठं जंगल आहे आणि त्यात बिबटे राहतात. बोरिवली पूर्वेला उतरून द्रुतगती महामार्गावरच्या फाटकापर्यंत चालत जाता येतं, रिक्षाही मिळते. सकाळी आठच्या आत आत शिरा.

लोक फाटकाजवळच चादर पसरतात, दुपारी उठतात आणि मग कान्हेरी आठवते. लेणी फाटकापासून सहा किलोमीटरच्या आसपास आत आहेत. आधी कान्हेरी, मग आराम. आतली बस घ्या. पोरं मोठी असतील तर भाड्याची सायकल, पण वाटेत चढ लागतो हे लक्षात ठेवून. लेण्यांचं तिकीट वेगळं असतं, उद्यानाच्या तिकिटात धरलेलं नाही. शंभराहून जास्त लेणी आहेत, सगळी बघायची नाहीत. तिसरं लेणं, म्हणजे मोठा चैत्य (बौद्ध प्रार्थनागृह), नीट बघा आणि कातळात कोरलेल्या पाण्याच्या टाक्या पोरांना दाखवा. कातळ दहानंतर तापायला लागतो, बाराला चटके देतो.

वाघ-सिंहांच्या सफारीचं तिकीटही वेगळं. कान्हेरीला जाण्याआधीच त्या खिडकीवर चौकशी करून दुपारची वेळ घ्या. वनराणी या छोट्या आगगाडीचं वचन मात्र पोरांना घरून देऊ नका. २०२१ च्या तौक्ते वादळात तिच्या रुळांची वाट लागली आणि ती कित्येक वर्षं बंद होती. खिडकीवर विचारा, चालू असेल तर तिथेच सांगा, पोरांना आनंद दुप्पट होतो.

*खबरदारी:* अंधाराच्या बऱ्याच आधी बाहेर पडा. पोरांना एकटं पुढे पळू देऊ नका, झुडपाआड "जाऊन ये" म्हणून पाठवू नका.

टप्पा ८: तासाभराच्या छोट्या बागा

मोठ्या बागेच्या दिवशी वेळ उरला तरच.

माझगावची जोसेफ बाप्टिस्टा बाग, हार्बर मार्गावरच्या डॉकयार्ड रोड स्टेशनजवळ, टेकडीवर. हीसुद्धा जलाशयावरची. वरून गोदी दिसते. आपले आजोबा-पणजोबा बोटीने ज्या भाऊच्या धक्क्याला उतरायचे, तो याच बाजूला. म्हाताऱ्यांना हे सांगितलंत की ते पायऱ्यांची तक्रार करत नाहीत.

फोर्टात हॉर्निमन सर्कल, टाउन हॉलच्या पायऱ्यांसमोर, दुपारच्या सावलीसाठी. दादरला शिवाजी पार्क: कट्ट्यावर बसायचं, मुलांना क्रिकेट बघू द्यायचं.

सायन-वांद्रे लिंक रोडवर महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे, ३७ एकरांचं, एकेकाळच्या कचराभूमीवर उभं केलेलं. इथे पाळणे-घसरगुंडी शोधू नका. झाडं, पक्षी, फुलपाखरं आणि शांतता. सकाळीच जा.

छोट्या बागांपैकी काहींना दुपारी कुलूप असतं. फाटकावरची वेळेची पाटी वाचल्याशिवाय टॅक्सी सोडू नका.

टप्पा ९: परतीची गाडी

शेवटच्या दिवशी बाग ठेवू नका, ठेवलीत तर दादरच्या जवळची ठेवा. आणि तिकिटावरची तारीख आजच बघा. तुतारी दादरहून रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी सुटते. म्हणजे शुक्रवारी दिवसभर फिरून त्याच रात्री निघायचं असेल तर तिकिटावर शनिवारची तारीख हवी. शुक्रवारची तारीख असेल तर तुमची गाडी गुरुवारी रात्रीच, तुम्ही जेवून झोपलात तेव्हा, दादर सोडून गेलेली असते. आमच्या वाडीतली दोन घरं अशी फलाटावर सामान घेऊन बसली आहेत, त्यातलं एक माझं.